नकाशातली निळी रेघ

आमच्या सोसायटीच्या मागून आंबिल ओढा वाहतो. वाहतो म्हणणे जरा धाडसाचेच. आठ महिने तो साचलेला असतो आणि उरलेले चार महिने त्याच्याकडे पाहायला कुणाला सवड नसते. आम्ही त्याला ‘मागचा नाला’ म्हणतो. ओढ्याला एकदा नाला म्हटले, की नाकाला रुमाल आणि खिडकीला कडी, एवढेच नाते उरते.

वास्तविक त्याचे कूळ मोठे. कात्रजच्या डोंगरातले पाणी नानासाहेब पेशव्यांनी तिथे बांध घालून अडवले आणि शनिवारवाड्यापर्यंत आणले. हा ओढा पूर्वी जुन्या पुण्यातून वाहत असे. तो वळवला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले. आज सारसबागेत आपण बसतो ते त्या तळ्याच्या तळाशी. म्हणजे ओढ्याला हात त्या काळीही लागला होता. पण त्याची वाट काढून घेताना त्याला दुसरी द्यावी लागते, हे त्या मंडळींना ठाऊक होते.

पुण्यात पूर म्हणजे पानशेत, १२ जुलै १९६१. मी तेव्हा तीन वर्षांचा. आईकडून ऐकत आलो ते मुठेचे पाणी. ओढ्याची भीती घरात कुणी घातली नाही.

१९८८ साली मी बँकेत गृहकर्जाच्या फायली पाहत होतो. याच भागातल्या एका प्रकल्पाची जागा पाहायला गेलो. नकाशात प्लॉटच्या मागच्या अंगाला एक निळी रेघ होती. विचारले, तर बिल्डरचा माणूस म्हणाला, “काही नाही साहेब, पावसाळ्यात थोडं पाणी येतं.” चहा झाला. सातबारा, सर्च रिपोर्ट, मंजूर नकाशा सगळे जागच्या जागी होते. मी शेरा लिहिला, ‘तारण समाधानकारक’. रेघेबद्दल लिहायला त्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता, अशी समजूत मी बरीच वर्षे घालून घेतली.

पुढे मी त्याच भागात घर घेतले. २००६ साली सोसायटीची मागची भिंत नव्याने बांधायची निघाली. ती तीन फूट पुढे सरकवली तर स्कूटरी लावायला जागा होईल, असे कुणीतरी सुचवले. ठराव एकमताने झाला. खजिनदार मी. चेकवर सही माझी.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काही तासांत जो पाऊस कोसळला, त्याने कात्रजपासून खाली अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल असा सगळा पट्टा धुऊन काढला. टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे दगावली. शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक जीव गेले. आमची भिंत मात्र पडली नाही. भक्कम बांधली होती ना! तिला थडकलेले पाणी समोरच्या काठावरच्या वस्तीत शिरले.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई त्या वस्तीत राहतात. चौथ्या दिवशी आल्या आणि पदराच्या गाठीतून भिजलेले पासबुक काढून म्हणाल्या, “काका, हे बँकेत चालंल का?” शाई पसरून आकडे निळे झाले होते. नवे मिळेल, असे मी सांगितले. आणखी काय सांगणार?

त्यानंतर मी महापालिकेची नालेसफाई पाहायला लागलो. निवृत्त माणसाला एवढा उद्योग पुरतो. एप्रिल-मे आला की जेसीबी ओढ्यात उतरतो, गाळ उपसतो आणि पुष्कळदा काठावरच ढीग घालतो. डंपर वेळेवर आला नाही, तर पहिल्या वळवाला तो गाळ आपल्या घरी परत. ठेकेदाराच्या बिलात मात्र तो उपसलेलाच असतो. बँकेत याला आम्ही एकच रक्कम दोनदा खर्ची टाकणे म्हटले असते.

एका मुकादमांशी ओळख झाली. ते म्हणाले, “साहेब, आम्ही गाळ काढतो, घाण कोण काढणार?” मग त्यांनी समजावले. शहरात पावसाचे पाणी वेगळ्या गटारातून ओढ्याला आणि मैलापाणी ड्रेनेजच्या नळातून शुद्धीकरण केंद्राला, अशी वाटणी आहे. पण ड्रेनेजचे मोठे नळ ओढ्याच्याच कडेने, कुठे कुठे पात्रातूनही गेलेले. चेंबर तुंबले की झाकण उचलते आणि मैला ओढ्यात. शिवाय कुणीतरी आपले ड्रेनेज गुपचूप पावसाळी गटाराला जोडतो. खणायचा खर्च वाचतो. मुळा-मुठेसाठी २०१६ साली जपानच्या कर्जातून ९९० कोटींची योजना मंजूर झाली, तीत अकरा नवी शुद्धीकरण केंद्रे होती. केंद्र कितीही मोठे बांधा. मैला त्याच्या नळातच शिरला नाही, तर ते शुद्ध काय करणार?

पुरानंतर पालिकेने कडेच्या भिंतींची कामे काढली. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतली घरे ओढ्याच्या कामासाठी पाडायला सुरुवात झाली आणि त्याच दिवशी न्यायालयाने ती थांबवली. ओढ्यात वस्ती नको, हे मान्य. पण आमच्यासारख्यांच्या आरसीसी भिंतींपुढे जेसीबी उभा राहिलेला मी अजून पाहिलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मुकादमांनी टेप धरला आणि मी दुसरे टोक. आमच्या हद्दीच्या वरच्या अंगाला पात्र चोवीस फूट, आमच्या भिंतीशी एकवीस. तीन फूट. हिशेब जुळला.

भिंत मागे घ्यावी असा अर्ज मी सोसायटीला दिला. “तुम्हीच तर तेव्हा सही केली होतीत!” सेक्रेटरी हसत म्हणाले. खरेच होते. “म्हणूनच अर्ज मी दिलाय,” मी म्हणालो. त्यावर खर्च, पार्किंग, कुंपणाबाहेरची कुत्री, चोर, सगळे निघाले. विषय पुढच्या सभेवर गेला.

ती सभा येत्या रविवारी दहा वाजता आहे. विषयपत्रिकेवर माझा अर्ज सातवा. जिन्याच्या रंगानंतर आणि आयत्या वेळच्या विषयांच्या आधी. बाई म्हणाल्या, “काका, त्या दिवशी मी लवकर येऊन चहा टाकते.” सभेचे कारण त्यांना मी अजून सांगितलेले नाही.