हरितगृहातील तापमान मोजताना होणाऱ्या चुका टाळा

मुळशी-मावळ पट्ट्यातील गुलाब, जरबेराच्या हरितगृहांत फॉगर आणि पडद्यांचे निर्णय तापमानाच्या नोंदीवर घेतले जातात. नोंद प्रत्यक्षापेक्षा ३ अंशांनी जास्त आली, तर फॉगर गरजेपेक्षा जास्त चालतो, पाने ओली राहतात आणि करप्यासारख्या बुरशीजन्य रोगांना आमंत्रण मिळते. ही चूक बहुतेक वेळा उपकरणात नसते. ती मांडणी आणि जोडणीत असते.

थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सांधा. के टाइपमध्ये १ अंश फरकाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट इतकाच दाब तयार होतो. हा दाब सांधा आणि लॉगरचे टर्मिनल यांच्या तापमानातील फरक दाखवतो. त्यामुळे लॉगर आधी टर्मिनलचे तापमान मोजतो व त्यात हा फरक मिळवतो. टर्मिनलचे तापमान चुकले, की नोंदही तेवढीच चुकते.

घ्यावयाची काळजी

- लॉगर उन्हात किंवा पंख्याच्या झोतात ठेवू नये. सावलीत, बंद पेटीत बसवावा.
- सांध्यावर थेट ऊन पडू देऊ नये. हवा खेळती राहील असे पांढरे आच्छादन करावे. सांधा पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर टांगावा, छताजवळ नको.
- वायर कमी पडल्यास साधी तांब्याची वायर जोडू नये. त्याच टाइपची वायर व कनेक्टर वापरावेत.
- सांधा चिमटीत धरून पाहावा. तापमान वाढण्याऐवजी उतरले, तर लॉगरकडील अधिक-उणे टोके उलट जोडली आहेत.
- मोटरच्या केबलसोबत थर्मोकपलची वायर नेऊ नये. उघडा सांधा लोखंडी पाइपला टेकू देऊ नये.
- हरितगृहासाठी टी टाइप अधिक अचूक ठरतो. वर्ग १ मध्ये त्याची चूक ±०.५ अंश, तर के टाइपची ±१.५ अंशांपर्यंत मान्य असते.

घरच्या घरी तपासणी

थर्मासमध्ये बर्फाचा चुरा भरून तो भिजेल इतकेच पाणी घालावे. सांधा पातळ प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळून मधोमध बुडवावा. तळाला टेकू देऊ नये. ५ ते १० मिनिटांनी नोंद ० अंश यायला हवी. सतत १.२ दिसत असेल, तर प्रत्येक नोंदीतून १.२ वजा करावे. उकळत्या पाण्यात १०० ची अपेक्षा ठेवू नये. भूगाव परिसर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असल्याने तेथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते.

ही तपासणी प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला करून तारीख व फरक वहीत लिहून ठेवावा.