वाळवंटातील लेणी : दुनहुआंगच्या वाटेवर

अजिंठा पाहिलेल्या डोळ्यांनी दुनहुआंगला जाऊ नये, असे निघण्यापूर्वी एका स्नेह्याने आम्हांस बजावले होते. त्याचा अर्थ मोगाओच्या कड्यासमोर उभे राहिल्यावर उमगला. चीनच्या गान्सू प्रांतात, दुनहुआंग शहराच्या आग्नेयेस २५ किलोमीटरवर हा कडा आहे. इ. स. ३६६ मध्ये लेझुन नावाच्या भिक्खूस येथे सहस्र बुद्धांची सुवर्णप्रभा दिसली आणि त्याने पहिले लेणे खोदविले, असे पुढील काळातील एक शिलालेख सांगतो. त्यानंतर सुमारे हजार वर्षे खोदकाम चालू होते. आज ४९२ लेण्यांत चित्रे आणि मूर्ती आहेत.

या मूर्ती मात्र दगडाच्या नव्हेत. अजिंठ्याचा पाषाण म्हणजे दख्खनचा काळा कातळ. तो छिन्नीस दाद देतो आणि एकदा दिलेला आकार शतकानुशतके सांभाळतो. मोगाओचा कडा गोटे आणि वाळू यांच्या कच्च्या थरांचा आहे. त्यात गुहा खोदता येते, परंतु बोट किंवा पापणी कोरता येत नाही. म्हणून तेथील कारागिरांनी लाकडाच्या सांगाड्यावर गवत बांधले, त्यावर माती थापली आणि मग रंग दिला. प्रचंड मूर्तींचा गाभा तेवढा कड्यातच ठोकळमानाने राखला. भिंतींवरही आधी काड मिसळलेल्या चिखलाचा आणि नंतर बारीक मातीचा लेप दिला. कित्येक बोधिसत्त्वांचे चेहरे आज काळसर दिसतात, ते चित्रकाराने तसे रंगविलेले नाहीत. शिसेयुक्त रंग कालांतराने काळवंडला आहे. २५७ क्रमांकाच्या लेण्यात रुरु मृगाची जातककथा आहे. तीच कथा अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातही आहे, हे आठवून आम्हांस परदेशात घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

आमच्यासमवेत एक वयोवृद्ध भंते होते. लेण्यात घटकाभर बसून वंदना म्हणावी, एवढीच त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. आत दिवे नाहीत. मार्गदर्शिका हातातील विजेरीने दाखवील तेवढेच पाहावयाचे, काही मिनिटांत बाहेर पडावयाचे आणि दार बंद. आम्ही थोडे नाराज झालो, हे कबूल केले पाहिजे. मग तिने कारण सांगितले. कड्यात मुळातच क्षार आहेत. माणसांच्या श्वासाने व घामाने हवा दमट झाली, की हे क्षार ओलावा शोषून विरघळतात. हवा कोरडी झाली, की पुन्हा त्यांचे स्फटिक बनतात. असे वारंवार घडल्याने लेप भिंतीपासून सुटतो आणि रंगाचे पापुद्रे गळतात. यासाठीच येथे रोजच्या प्रवाशांची संख्या सामान्यतः ६,००० वर मर्यादित ठेवली आहे. भंते शांतपणे ऐकत होते. "आपला श्वासच त्या चित्रास बाधतो, तर आपण बाहेरच बसू," असे म्हणून ते कड्यासमोरील झाडांच्या सावलीत बसले, आणि वंदना तेथेच झाली.

सतराव्या लेण्याची कथा वाचकांस ठाऊक असेल. अकराव्या शतकाच्या प्रारंभी बंद केलेले हे ग्रंथालय १९०० मध्ये वांग युआनलू या ताओपंथीयास सापडले. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन आणि १९०८ मध्ये पॉल पेलिओ यांनी त्यातील सहस्रावधी पोथ्या अल्प मोबदल्यात नेल्या. इ. स. ८६८ मध्ये छापलेले वज्रच्छेदिका सूत्र आज लंडनमध्ये आहे. ते खोलीवजा रिकामे लेणे पाहताना फार बोलवत नाही.

दुसऱ्या दिवशी मोटारीने वायव्येस निघालो. सुमारे ९० किलोमीटरवर युमेनगुआन, म्हणजे हान काळातील सीमाद्वार, लागते. सपाट रेतीत कुटलेल्या मातीचा एक चौकोनी कोट, एवढेच आता उरले आहे. जवळच्या तटबंदीत वेत-झुडपांचा एक थर आणि रेतीखड्यांचा एक थर अशी रचना उघडी पडलेली दिसते. दगड मिळत नाही तेथे मनुष्य काय करतो, याचा हा दुसरा दाखला. आणखी तितकेच अंतर कापल्यावर यारदांग येतात. प्राचीन सरोवराच्या तळाचे थर वाऱ्याने आणि क्वचित येणाऱ्या पाण्याने कोरून काढले, आणि मऊ भाग गेल्यावर एका दिशेस तोंड केलेल्या लांबट टेकड्या राहिल्या. त्यांच्या रांगा नांगरलेल्या गलबतांसारख्या दिसतात. मोर, सिंह अशी नावे मार्गदर्शक उत्साहाने सांगतात. आम्हांस नावांवाचून ते अधिक भावले. हेच वारे मोगाओच्या माथ्यावरून वाळू खाली लोटतात. ती अडविण्यासाठी कड्यावर जाळ्यांची कुंपणे आणि वाळवंटात टिकणारी झुडपे लावलेली आहेत.

अखेरचा टप्पा पूर्वेकडे, ग्वाझोउच्या दक्षिणेस सुमारे ७० किलोमीटरवरील युलिन लेण्यांचा. माळ सपाट असतो आणि अकस्मात जमीन दुभंगून खाली नदी दिसते. लेणी तिच्या दोन्ही काठांवर आहेत. इ. स. ६२९ च्या सुमारास याच ग्वाझोउच्या परिसरातून ह्युएन-त्संग राजाज्ञा मोडून निघाला. वाटाड्या परत फिरला. वाळवंटात पखाल हातून सांडली. दहा ली मागे आल्यावर, पश्चिमेस जाताना मरण आले तरी चालेल, परंतु पूर्वेस फिरावयाचे नाही, असा निश्चय करून तो पुन्हा वळला आणि चार रात्री व पाच दिवस पाण्यावाचून चालला, असे त्याच्या शिष्याने लिहिलेले चरित्र सांगते. पुढे सुमारे बारा वर्षांनी हाच भिक्खू महाराष्ट्रात आला. त्याने वर्णिलेला डोंगरातील विहार अजिंठ्याचाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

युलिनच्या तिसऱ्या लेण्यात, समंतभद्राच्या भव्य चित्राच्या कडेस, तो हात जोडून उभा आहे. मागे वानरमुखी सेवक आणि ग्रंथ वाहणारा पांढरा घोडा. चित्र तांगुत राजवटीतले, म्हणजे त्या प्रवासानंतर पाचशे वर्षांनी काढलेले. ही आकृती इतकी लहान आहे, की विजेरीचा झोत तिच्यावर येईपर्यंत आम्हांस ती दिसलीच नव्हती. भंत्यांनी तिला हात जोडले. मग मार्गदर्शिकेने घड्याळाकडे पाहिले, आणि आम्ही न सांगताच दाराकडे वळलो.