काटकसर कोणाच्या जिवावर?

तिजोरीत ओढाताण झाली म्हणजे पहिली कात्री कोठे चालते, यावरून राज्यकर्त्यांची पारख होते. सार्वजनिक रुग्णालयांची तरतूद आखडली, रिक्त जागा तशाच ठेवल्या, औषधखरेदी लांबविली, की हिशेबात बचत दिसते खरी. पण तो खर्च नाहीसा होत नाही. ‘औषध बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी होऊन तो गरीब रुग्णाच्या हाती पडतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण मृत्युमुखी पडले. पुढे सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात तेवढ्याच अवधीत २४ दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. औषधांचा तुटवडा हे कारण आधी सांगण्यात आले, मग नाकारण्यात आले. अखेर मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अंदाजपत्रकातील ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्चावी, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सांगितले होते. मुदत उलटून गेली. महाराष्ट्राने तो आकडा गाठला नाही.

काटकसरीला आमचा विरोध नाही. समारंभ आणि जाहिराती यांवर ती अवश्य व्हावी. परंतु औषधे, परिचारिका व डॉक्टर यांच्यासाठी मंजूर झालेल्या रकमेला वर्षाच्या मध्यावर कोणी हात लावू नये, असा निर्बंध विधिमंडळाने घालावा, अशी आमची मागणी आहे. श्रीमंताला दुसरे रुग्णालय सापडते. गरिबाला हे एकच आहे.