वर्षभराची अडचण आणि तीन तासांची सवलत

व्यवसायोपचार, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपी, या शास्त्राचे भारतातील पहिले विद्यालय कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू केले. परंतु आजही हा उपचार पक्षाघाताच्या रुग्णांसाठी किंवा फार तर लहान मुलांसाठी असतो, असाच सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः झोपणे-उठणे, स्वयंपाक, अभ्यास, नोकरी अशी माणसाची रोजची कोणतीही कृती जिथे अडते, तिथे या शास्त्राचे काम सुरू होते, आणि महाविद्यालयीन वयात अशा जागा अनेक असतात.

शाळेत वेळापत्रक, पालकांचा धाक आणि शिकवणी यांच्या आधाराने निभावलेला विद्यार्थी वसतिगृहात आला की हे सारे आधार एकदम सुटतात. काम सुरू करणे, त्याचे टप्पे पाडणे, वेळेचा अंदाज बांधणे या मेंदूच्या कार्यांना कार्यकारी क्षमता म्हणतात; एडीएचडी, स्वमग्नता किंवा नैराश्य असलेल्या विद्यार्थ्यांमध्ये ती पुष्कळदा कमी पडते, आणि बुद्धी उत्तम असूनही सबमिशन हुकते, केटी लागते (विषय मागे राहतो), शिवाय आळशीपणाचा शिक्का बसतो तो वेगळाच.

व्यवसायोपचारतज्ज्ञ येथे कृतीचे विश्लेषण करतो. जर्नल अपुरी राहते ती लिहिताना हात लवकर दुखतो म्हणून, खोलीतल्या गोंगाटात लक्ष टिकत नाही म्हणून, की सुरुवात कोठून करावी हेच सुचत नाही म्हणून, हे तो आधी शोधतो. कारण पहिल्या विद्यार्थ्याला जाड पकडीचे पेन किंवा टंकलेखनाची मुभा हवी असते, दुसऱ्याला ग्रंथालयातला शांत कोपरा, तर तिसऱ्याला रोज ठरल्या वेळी शेजारी बसून आपापले काम करणारा सोबती. समुपदेशनाची गरज याने संपत नाही, पण उपदेशाची बरीचशी संपते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांना दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले, सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ देण्याची तरतूदही आहे. हे आवश्यकच आहे, मात्र उत्तरपत्रिका हाती येण्यापूर्वीच्या महिन्यांना त्याचा स्पर्श होत नाही. मुंबईत के.ई.एम., शीव आणि नायर या महापालिका रुग्णालयांशी संलग्न व्यवसायोपचार विद्यालये आहेत. तेथील आंतरवासी विद्यार्थ्यांचे काही आठवडे आसपासच्या महाविद्यालयांत गेले, तर ही उणीव भरून काढण्याची सुरुवात फारशा खर्चाविना होऊ शकेल.