समुद्रकिनारीची सुट्टी आणि इंग्रजी संभाषण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्राइटन, बोर्नमथ, ईस्टबोर्न व हेस्टिंग्ज ही शहरे आणि भूमध्य समुद्रातील माल्टा या द्वीपराष्ट्राची स्लीमा व सेंट ज्युलियन्स ही किनारी गावे उन्हाळ्यात इंग्रजी शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांनी गजबजलेली असतात. सकाळी वर्ग आणि दुपारनंतर समुद्र असा त्यांचा साधारण दिनक्रम असतो. सुट्टी आणि शिक्षण यांची ही सांगड उपयुक्त आहे यात शंका नाही, परंतु तिच्याकडून नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही याविषयी विद्यार्थ्यांत, पालकांत आणि अनेकदा शिक्षकांतही काही समजुती रूढ आहेत, ज्या भाषाशिक्षणाच्या अभ्यासापुढे टिकत नाहीत.

त्यांपैकी सर्वांत दृढ समजूत अशी की, इंग्रजी बोलणाऱ्या लोकांत काही काळ राहिले की भाषा आपोआप अंगवळणी पडते. या समजुतीची फार बारकाईने तपासणी एका समुद्रकाठच्या शहरातच झालेली आहे. हवाई बेटांवरील होनोलुलू येथे स्थायिक झालेल्या एका जपानी चित्रकाराच्या इंग्रजीचा रिचर्ड श्मिट या भाषावैज्ञानिकाने सुमारे तीन वर्षे मागोवा घेतला आणि त्याचे निष्कर्ष 1983 मध्ये प्रसिद्ध केले. अभ्यासात ‘वेस’ या बदललेल्या नावाने येणारा हा चित्रकार मनमिळाऊ होता, इंग्रजी बोलणाऱ्यांशी त्याचा रोजचा व्यवहार होता आणि त्यांच्यात मिसळण्याची त्याला मनापासून ओढ होती. म्हणजे भाषा ‘आपोआप’ येण्यासाठी जे जे लागते असे मानले जाते ते सारे त्याच्यापाशी होते. त्याचे संभाषणकौशल्य खरोखरच वाढले, गप्पा रंगवणे, विनंती करणे, दुसऱ्याचे म्हणणे पुढे नेणे त्याला चांगले जमू लागले. मात्र अनेकवचनाचा प्रत्यय, भूतकाळाचे रूप, नामापूर्वी येणारी उपपदे या बाबतींत तीन वर्षांनंतरही त्याची प्रगती नगण्य होती. पुढे 1990 मध्ये श्मिट यांनी जो सिद्धान्त मांडला त्याचा आशय असा की, कानावर पडलेल्या भाषेतील जे रूप शिकणाऱ्याच्या जाणीवपूर्वक लक्षात येते तेच त्याच्या भाषेत रुजण्याची शक्यता असते, आणि अर्थ कळून काम भागत असेल तर रूपाकडे लक्ष जाण्याचे कारणच उरत नाही.

याचा अर्थ किनाऱ्यावर ऐकलेली भाषा निरुपयोगी ठरते असा मात्र नव्हे. गोव्यात कळंगुट-बागाच्या वाळूवर कपडे आणि मण्यांच्या माळा विकणाऱ्या अनेक स्त्रिया शाळेत फारशा न जाताही परदेशी पाहुण्यांशी सफाईने इंग्रजी बोलतात, आणि त्यांचे हे कौशल्य आदराने पाहण्याजोगे आहे. ते येते ते भाव सांगणे, घासाघीस करणे, गिऱ्हाइकाला थांबवणे हे तेच ते प्रसंग दिवसातून अनेकदा आणि वर्षानुवर्षे घडल्यामुळे. सुट्टीवर आलेल्या माणसाच्या वाट्याला असा प्रत्येक प्रसंग फार थोड्या वेळा येतो, म्हणून त्याने एकच प्रसंग मुद्दाम पुन्हा पुन्हा घडवून आणणे हाच त्यातून काढण्याजोगा धडा आहे: खाद्यपदार्थांची मागणी दर वेळी स्वतः नोंदवावी आणि बसची वेळ फलकावर दिसत असली तरी माणसाला विचारावी.

दोन आठवड्यांत इंग्रजी ‘एक पायरी वर’ जाते, ही दुसरी अपेक्षा साध्या गणितातच निकाली निघते. युरोप परिषदेने 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सामाईक संदर्भ चौकटीत भाषाप्रावीण्याच्या प्राथमिक ‘ए 1’ पासून अत्युच्च ‘सी 2’ पर्यंत सहा पातळ्या मानल्या आहेत, आणि एका पातळीवरून पुढच्या पातळीवर जाण्यास मार्गदर्शनाखाली सुमारे 200 तास अभ्यास लागतो असा केंब्रिज परीक्षा मंडळाचा ढोबळ अंदाज आहे. आठवड्याला 45 मिनिटांच्या 20 तासिका धरल्या तर दोन आठवड्यांत 30 तास भरतात. एवढ्या काळात पातळी बदलत नाही. बदलते ते, आधीपासून ठाऊक असलेली भाषा वेळेवर तोंडात येण्याचे प्रमाण, आणि ज्याने शाळेत इंग्रजी वाचले पण बोलले नाही अशा विद्यार्थ्यासाठी हा बदल फार मोलाचा असतो.

शब्दसंग्रहाविषयीचा गैरसमज अधिक खोल आहे. समुद्रकिनारी जायचे म्हणून खेकडा, शिंपला, तारामासा, जेलीफिश, समुद्रशैवाल अशा शब्दांची इंग्रजी यादी मुलांकडून घोकून घेतली जाते, आणि ती शिस्तशीर दिसत असल्याने तिच्या उपयुक्ततेविषयी कोणी शंका घेत नाही. थॉमस टिंकहॅम यांनी 1993 आणि 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, एकाच जातीचे नवे शब्द एकत्र शिकवले तर ते परस्परांत मिसळतात आणि असंबद्ध शब्दांपेक्षाही सावकाश लक्षात राहतात. याउलट एखाद्या प्रसंगाभोवती गुंफलेले, वेगवेगळ्या प्रकारचे शब्द, जसे वाळू, खणणे, ओली आणि बादली यांसाठीचे, तुलनेने सहज पाठ होतात. म्हणजे पाच प्राण्यांची नावे एका दिवशी शिकवण्यापेक्षा एका घटनेचे वर्णन करता येण्याइतके शब्द शिकवणे अधिक फलदायी आहे. शिवाय कोणते शब्द आधी शिकावेत हा प्रश्न बाजूला सारता येत नाही. अविभाजित बंगालमध्ये शिक्षणकार्य केलेल्या मायकेल वेस्ट यांनी 1953 मध्ये इंग्रजीतील सुमारे 2,000 सर्वोपयोगी शब्दांची सूची प्रसिद्ध केली, ज्यांनी सामान्य लेखनाचा फार मोठा भाग व्यापला जातो. पॉल नेशन यांच्या 2006 मधील हिशेबाप्रमाणे बोलण्यातील 98 टक्के शब्द ओळखीचे वाटण्यासाठी 6,000 ते 7,000 शब्दकुले, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे यांचे तितके गट, माहीत असावे लागतात. हा आकडा सुट्टीत गाठता येणार नाही, परंतु घेणे, ठेवणे, वळणे, लागणे अशा अर्थांच्या साध्या क्रियापदांवर पकड आली तर रस्ता विचारण्यापासून खोली बदलून मागण्यापर्यंतचे बहुतेक व्यवहार पार पडतात, आणि तारामाशाला इंग्रजीत काय म्हणतात हे ठाऊक नसल्याने कोणाचेही काही अडत नाही.

शिकलेले शब्द पुढे टिकतातच असेही नाही. हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेल्या आणि 1885 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले की विस्मरण पहिल्या काही तासांत सर्वांत वेगाने होते आणि नंतर त्याचा वेग मंदावतो. त्यांनी निरर्थक अक्षरसमूह वापरले असल्याने त्यांचे आकडे जसेच्या तसे शब्दांना लावता येत नाहीत, मात्र अंतर ठेवून केलेली उजळणी सलग घोकंपट्टीपेक्षा सरस ठरते हे त्यांनी टिपलेले तथ्य पुढे वारंवार सिद्ध झाले आहे. म्हणूनच सुट्टीवरून परतल्यानंतरचे आठवडे सुट्टीइतकेच महत्त्वाचे असतात, जरी त्यांची आखणी क्वचितच कोणी करते.

अस्सल इंग्रज माणसाशी बोलल्याशिवाय संभाषण सुधारत नाही, हा समज तर पुष्कळ विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष नुकसान करतो. माल्टा 1964 मध्ये ब्रिटिश सत्तेतून मुक्त झाला, तेथे माल्टी व इंग्रजी या दोन्ही राजभाषा आहेत आणि बहुतेकांची घरातली भाषा माल्टी आहे, तरीही तेथे इंग्रजी शिकणे गौण मानण्याचे कारण नाही. मायकेल लाँग आणि पॅट्रिशिया पोर्टर यांनी 1985 मध्ये दाखवून दिले की, शिकणारे जेव्हा आपापसांत बोलतात तेव्हा ते अर्थ स्पष्ट करून घेण्यासाठी अधिक वेळा थांबतात, पुन्हा विचारतात, वेगळ्या शब्दांत सांगतात, आणि इंग्रजी मातृभाषा असलेल्यांशी बोलताना होतात त्याहून अधिक चुका करीत नाहीत. वर्गातील इटालियन किंवा तुर्की सोबत्याशी किनाऱ्यावर तासभर चाललेले अडखळते संभाषण हे यामुळे कमअस्सल शिक्षण ठरत नाही. महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, तरी मराठी माध्यमातील असंख्य विद्यार्थी उच्चाराच्या भीतीने गप्प राहतात. त्यांच्या पालकांनी मुलाच्या उच्चारापेक्षा त्याने दिवसभरात किती प्रश्न विचारले याकडे लक्ष द्यावे.

काही थोडे शब्द मात्र प्रसंगाची वाट न पाहता पाण्यात उतरण्यापूर्वीच पक्के असायला हवेत, कारण तेथे चुकीची किंमत वेगळी असते. ‘लाइफगार्ड’, भरती-ओहोटीसाठी ‘टाइड’ आणि माणसाला किनाऱ्यापासून आत ओढून नेणाऱ्या प्रवाहासाठी ‘रिप करंट’ हे शब्द सूचनाफलकावर आणि जीवरक्षकाच्या तोंडून येतात. लाल-पिवळ्या निशाणांच्या मध्येच पोहावे आणि केवळ लाल निशाण दिसल्यास पाण्यात जाऊ नये, हा ब्रिटिश किनाऱ्यांवरील नियम मराठी प्रवाशांनी तेथे पोहोचण्याआधीच माहीत करून घ्यावा, आणि शंका आल्यास जीवरक्षकाला तोडक्यामोडक्या इंग्रजीत का होईना, विचारावेच.