गाडी उलाळू नये म्हणून

ज्या मंडळींचं बालपण अलिबाग-पेणच्या बाजूला गेलं, त्यांनी बैलगाडी भरताना नक्कीच पाहिली असेल. भाताची पोती मागे जास्त झाली की पुढचं जू वर उचललं जाई आणि बैलांच्या गळ्याला आवळे. त्याला म्हणायचे, गाडी उलाळली. पोती पुढे जास्त झाली, तर सगळा भार बैलांच्या मानेवर. मग गाडीवान एखादं पोतं सरकवी, नाहीतर स्वतःच पुढेमागे होऊन बसे. लहानपणी पाहिलेली ही गोष्ट मला म्हातारपणी अमेरिकेत उपयोगी पडली!

आमची मुलगी बेलव्ह्यूला राहते. तिथे जावयाने गॅरेजमध्ये दोन चाकांचा छोटा ट्रेलर बांधला. आत दोघांपुरतं अंथरूण, मागचं झाकण उचललं की ओटा आणि शेगडी. थेंबाच्या आकारामुळे अशा ट्रेलरना तिकडे ‘टीअरड्रॉप’ म्हणतात. घरी बांधण्यासाठी त्यांचे नकाशे १९४७ साली ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या मासिकात आले होते. सोय छान, पण स्वयंपाकघर मागे म्हणजे जड सामानही मागेच जातं.

आय-९० हायवेने स्नोक्वाल्मी घाट ओलांडून आम्ही लेक ईस्टनला मुक्कामाला गेलो. घाटमाथा सुमारे ३,००० फूट उंच. जाताना काही झालं नाही. परतताना मात्र पाऊस आला आणि घाईत सगळं मागे कोंबलं. ओला तंबू, बर्फाची पेटी, बिडाचा तवा आणि पाण्याचे २०-२० लिटरचे दोन डबे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे विसरलो!

नॉर्थ बेंडकडे उतरताना शेजारून मोठा ट्रक गेला आणि ट्रेलरचं शेपूट डावी-उजवीकडे झुलू लागलं. मुलगी ओरडली, “ब्रेक मार!” जावयाने मारला नाही. स्टिअरिंग सरळ धरलं, गॅसवरून पाय हळूच काढला. वेग उतरला, तसा ट्रेलर शांत झाला. जोरात ब्रेक मारला असता तर ट्रेलरने मोटारच फिरवली असती.

पुढच्या वळणावर उतरून झाकण उघडलं. मी म्हटलं, “अरे, ही गाडी उलाळलीय!” नातू विचारतो, “आजोबा, उलाळली म्हणजे काय?” तिथेच धडा झाला. पाण्याचे डबे आसाजवळ नेले, तवा आणि तंबू पुढे ठेवले.

घरी आल्यावर जावयाला सामान पुन्हा पहिल्यासारखं भरायला लावलं. चाकांना अडण लावली, बाथरूममधला वजनकाटा आणला आणि त्यावर लाकडी ठोकळा ठेवून ट्रेलरच्या दांड्याचं टोक टेकवलं. दांडा मोटारीला जोडताना असतो त्याच उंचीवर हवा. भरलेल्या ट्रेलरचं वजन ६०० किलो. दांड्यावर त्याच्या १० ते १५ टक्के भार हवा, म्हणजे ६० ते ९० किलो. काटा दाखवत होता ३०! सामान नीट लावल्यावर ७० झाले.

म्हणून लक्षात ठेवावं: जड वस्तू खाली आणि आसाजवळ, एकूण भार आसाच्या पुढे थोडा जास्त, डावी-उजवी बाजू सारखी. पुढेही अती नको. मोटारीची मागची बाजू दबते आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते. आणि वेग आवरावा. वॉशिंग्टन राज्यात ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीला ताशी ६० मैलांची मर्यादा आहे.

बालमित्रांनो, एक गंमत करा. पेन्सिलीवर फूटपट्टी आडवी ठेवा. पेन्सिल मधोमध नको, जरा मागे हवी. पट्टीचं पुढचं टोक टेबलावर टेकेल. आता मागच्या टोकावर एकेक नाणं ठेवत जा. पुढचं टोक उचललं? गाडी उलाळली! तीच नाणी पेन्सिलीजवळ सरकवा आणि काय होतं ते पाहा.

आता सहलीला निघताना नातू स्वतःच काटा घेऊन येतो. परतीच्या वेळीही काटा बरोबर असतो, कारण सामान भरताना घाई होते ती परततानाच.