पार्म मर्यादा

पार्म मर्यादा म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकांवर जॉब कंट्रोल लँग्वेज अर्थात जेसीएल या भाषेतील एक्झेक विधानाच्या 'पार्म' घटकातून प्रोग्रामला देता येणाऱ्या मजकुरावरील १०० अक्षरांची मर्यादा होय. मजकुरातील स्वल्पविराम या संख्येत धरले जातात. बाहेरील कंस व अवतरणचिन्हे धरली जात नाहीत. मर्यादा ओलांडल्यास जेसीएल त्रुटी येते आणि जॉब चालवलाच जात नाही. कंपायलरचे अनेक पर्याय एकाच वेळी द्यावयाचे असल्यास ही अडचण विशेषत्वाने जाणवते.

कारण

ही मर्यादा १९६० च्या दशकातील ओएस/३६० या कार्यप्रणालीपासून चालत आली आहे. प्रोग्रामला मिळणाऱ्या मजकुराच्या आरंभी त्याची लांबी दोन बाइटांत नोंदलेली असते व तेथे १०० पेक्षा बरीच मोठी संख्या मावते. म्हणजेच मर्यादा जेसीएलची आहे, प्रोग्रामला मजकूर पोहोचवण्याच्या पद्धतीची नव्हे. त्यामुळे एका प्रोग्रामने दुसऱ्यास थेट बोलावल्यास अधिक लांब मजकूर देता येतो.

पर्यायी मार्ग

* स्रोत संहितेतील विधाने : कोबॉलमध्ये आयडेंटिफिकेशन डिव्हिजनपूर्वी 'सीबीएल' किंवा 'प्रोसेस' विधान लिहून पर्याय देता येतात. पीएल/आय व हाय लेव्हल असेंब्लरमध्ये तारांकित 'प्रोसेस' विधान असते. मात्र असे पर्याय बदलताना प्रत्येक स्रोत संहिता बदलावी लागते.
* पर्यायांची फाइल : एंटरप्राइझ कोबॉलमध्ये 'ऑप्टफाइल' हा पर्याय दिल्यास उर्वरित पर्याय 'सिसऑप्टएफ' या डीडी विधानाने दर्शवलेल्या फाइलमधून वाचले जातात. हाय लेव्हल असेंब्लरमध्ये हेच काम 'एएसएमएऑप्ट' हे डीडी विधान करते.
* पार्मडीडी : २०१३ साली आलेल्या झेड/ओएस २.१ मध्ये हा घटक उपलब्ध झाला. त्याद्वारे ३२,७६० बाइटांपर्यंतचा मजकूर फाइलमधून देता येतो. पार्म व पार्मडीडी एकाच विधानात वापरता येत नाहीत.

सुरक्षा

पार्मचा मजकूर १०० अक्षरांहून मोठा नसेल, असे गृहीत धरून अनेक जुन्या प्रोग्रामांत तेवढीच जागा राखलेली असते. लांबी न तपासता मजकूर तेथे उतरवल्यास शेजारील स्मृती बिघडू शकते. विशेषाधिकार असलेल्या प्रोग्रामांत हा दोष संपूर्ण प्रणालीस धोकादायक ठरतो. म्हणूनच अशा प्रोग्रामांना १०० अक्षरांहून अधिक मजकूर स्वीकारण्यासाठी जोडणीच्या वेळी 'लाँगपार्म' हा बाइंडर पर्याय द्यावा लागतो.